काहीच न घडणारा सिनेमा थिएटरात कसा पाहायचा

एप्रिल २०१५. 'कोर्ट' लागून आठवडा उलटला होता आणि आमच्या भागातल्या थिएटरात त्याचा सकाळी अकराचा एकच खेळ उरला होता. प्रेक्षक पंचवीस-तीस. सिनेमा शेवटाकडे आला. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं एकेक करून बाहेर पडतात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. काळाच राहतो. माझ्या पुढच्या रांगेतलं जोडपं उठलं. दोन-तीन मोबाइलचे टॉर्च लागले. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने 'संपला' समजून दार उघडलं आणि बाहेरचा उजेड आत शिरला. तेवढ्यात पडद्यावर दिवस उजाडला, सिनेमा पुढे सुरू झाला. जिन्यापर्यंत पोचलेली चार माणसं काही परत आली नाहीत.

त्या चौघांना दोष देण्यात अर्थ नाही. थिएटरात बसलं की पडदा सतत काही ना काही देत राहणार, याची आपल्याला सवय असते. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी तो काळोख जाणूनबुजून ठेवला होता. खटला तसाच लोंबकळत पडलाय, आरोपी आत आहे आणि न्यायालय मात्र दिवे मालवून महिनाभर झोपायला निघालंय. ते अंगाला लागायचं तर त्या काळोखात काही सेकंद बसून राहावं लागतं. घरी तोच काळा पडदा आला असता तर माझा हात रिमोटकडे गेला असता. थिएटरात रिमोट नसतो, म्हणून तर असा सिनेमा थिएटरात जाऊन पाहायचा. पण नुसतं तिकीट काढून भागत नाही. थोडी तयारी लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत मला जी उपयोगी पडली ती सांगतो.

पहिला शनिवार-रविवार सोडू नका

असा सिनेमा पाहायचं ठरवलं की तो पहिल्या तीन दिवसांतच पाहायचा. नवे सिनेमे शुक्रवारी लागतात. पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला बघून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बुधवार-गुरुवारपर्यंत ठरतं. शांत सिनेमाला आधीच दोन-तीन खेळ मिळालेले असतात. 'चांगला आहे म्हणतात, पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात दुपारी पावणेदोनचा एखादा खेळ मिळतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकही तिकीट गेलं नाही तर खेळ रद्दही होतो. त्यामुळे तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा. तुमची दोन तिकिटं दिसली की तिसऱ्यालाही धीर येतो.

थिएटरात चुकलाच, तर फिल्म सोसायट्या आणि महोत्सव आहेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि २००२ पासून भरणारा 'पिफ', म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. गोव्याच्या माणसाला तर दूर जायलाच नको, २००४ पासून 'इफ्फी', म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दर वर्षी पणजीत भरतो. महोत्सवात सहसा मध्यंतर नसतं आणि शेजारी बसलेला माणूसही बघायलाच आलेला असतो. या प्रकारच्या सिनेमाची सवयच नसेल तर पहिले चार-पाच सिनेमे अशा ठिकाणी बघा. तिथल्या शांततेची सवय लागते आणि मग मल्टिप्लेक्समध्येही आपण तसेच बसतो.

ट्रेलर बघू नका

शांत सिनेमाचा ट्रेलर त्याच्यावर अन्याय करतो. दोन मिनिटांत गिऱ्हाईक ओढायचं असतं, म्हणून सिनेमातली चार भांडणं, एक रडणं आणि एक धावणं एकापुढे एक लावतात, खाली ढोल वाजवतात. मग आपण थिएटरात जाऊन त्या ढोलाची वाट बघत बसतो. माणसं कोण आहेत आणि गोष्ट कुठे घडते, एवढं कळलं तरी पुरे. 'किल्ला'साठी इतकं पुरेसं होतं: वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई. लांबी मात्र बघून घ्या. 'कोर्ट' ११६ मिनिटांचा आहे, 'लंचबॉक्स' त्याहून थोडा आखूड. किती वेळ बसायचंय ते ठाऊक असलं की अधूनमधून घड्याळाकडे नजर जात नाही.

पोट, वेळ, खुर्ची

वरण-भात जेवून दुपारी दोनच्या खेळाला जाऊ नका, झोप येणारच. पोहे, चहा, फार तर एखादी पोळी-भाजी. पॉपकॉर्न घ्यायचंच तर जाहिरातींच्या वेळातच संपवून टाका. धांगडधिंग्याच्या सिनेमात तो कुरकुर आवाज विरून जातो, इथे तीन रांगा पुढे ऐकू जातो. थिएटरात गारठा असतो आणि स्थिर बसलेल्या माणसाला तो जास्त लागतो. एक ओढणी किंवा पातळ जाकीट जवळ ठेवा. लघवीला आधीच जाऊन या.

खुर्ची पडद्यापासून मोजली तर साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध. आवाजाचं मिश्रण करणारे लोक त्यांच्या मोठ्या खोलीत साधारण तिथेच बसून काम करतात, त्यामुळे डावी-उजवीकडचे आणि मागचे आवाज तिथे सगळ्यात नेमके पोचतात. शेवटची रांग टाळा. तिच्यामागे प्रोजेक्शनच्या खोलीची घरघर असते आणि जोडप्यांची कुजबुजही. तिकीट खिडकीवर एक गोष्ट विचारून ठेवा: शेजारच्या पडद्यावर काय चालू आहे? भिंतीपलीकडे मारामारीचा सिनेमा असेल तर इकडच्या स्वयंपाकघरातल्या दृश्यात तिकडचा गडगडाट ऐकू येतो. दुसऱ्या वेळेचा खेळ मिळत असेल तर तो घ्या.

जाहिराती चालू असताना नीट बघा: बाजूचा दिवा उगाच जळत राहिलाय का, आवाज फार खाली आहे का, चित्र कडेला कापलं जातंय का. काही खटकलं तर तेव्हाच उठून सांगा. सिनेमा सुरू झाल्यावर सांगायला गेलात तर तुमचीच पहिली पाच मिनिटं जातात, आणि या सिनेमात पहिली पाच मिनिटं फार मोलाची असतात.

फोन बंद करा. सायलेंटवर नको, बंदच. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्येच एकदा स्क्रीन बघितली की ती सगळी सवय मोडते. मग रात्रीच्या दृश्यातला, खिडकीतून येणाऱ्या उजेडातला चेहरा तुम्हाला नुसता काळा डाग दिसतो.

पहिली वीस मिनिटं

बहुतेक लोक इथेच हरतात. बाहेरून आपण रिक्षा, पार्किंग, जिना, तिकीट, 'आलास का' असा फोन या वेगात आत येतो. सिनेमाचा वेग वेगळा असतो. तो आपल्यासाठी वेग वाढवणार नाही, आपल्यालाच कमी करावा लागतो. मी एक साधी युक्ती करतो. पहिलं दृश्य लागलं की त्यातले आवाज मोजतो. पंखा. रस्त्यावरचा हॉर्न. भांड्याचा आवाज. कुणीतरी दूर खोकतंय. चार-पाच आवाज मोजून होईपर्यंत माझा श्वास खाली आलेला असतो आणि मी त्या खोलीत बसलेला असतो.

गोष्ट काय आहे याचा शोध घेऊ नका. 'आता हिचं आणि त्याचं जमणार' असे अंदाज बांधायला लागलं की मन पुढे पळतं आणि डोळे मागे राहतात. या वीस मिनिटांत एवढंच बघायचं: हा माणूस एकटा असताना काय करतो, आणि दुसरं कुणी समोर आलं की त्याच्यात काय बदल होतो.

कुठे बघायचं

या सिनेमात माणसं मनातलं बोलून दाखवत नाहीत. ते त्यांच्या हातांत असतं, जेवण्यात असतं, उभं राहण्यात असतं.

'लंचबॉक्स'चंच घ्या. २०१३ चा, मुंबईतला, चुकीच्या टेबलावर पोचलेल्या डब्याचा सिनेमा. इरफान खानने केलेले साजन फर्नांडिस हे निवृत्तीला आलेले कारकून. त्यांच्याकडे तो डबा पहिल्यांदा येतो तेव्हा ते तो कसा उघडतात ते बघा. रोज खानावळीचा डबा खाणारा माणूस तो. जेवणाकडून त्याची काहीही अपेक्षा उरलेली नाही. एक पुडा उघडतो, थांबतो, वास घेतो. संवाद एकही नाही. नवऱ्यासाठी तो डबा करणारी इला घरी तो चाटूनपुसून रिकामा आलेला बघते आणि तिचा चेहरा उजळतो. रात्री नवरा येतो आणि आलू-गोबी छान झाली होती म्हणतो. तिने ती केलेलीच नसते. डबा दुसऱ्याच कुणाला गेला, हे तिला त्या एका वाक्यात कळतं आणि आपल्याला तिच्या चेहऱ्यावर कळतं. त्या क्षणी पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घातलेल्या माणसाचा अख्खा सिनेमा हुकतो.

पुढे कधीतरी रात्री फर्नांडिस बाल्कनीत सिगरेट ओढत उभे असतात. समोरच्या घरात एक कुटुंब जेवायला बसलेलं दिसतं. इथे तुम्ही कुणाकडे बघता? पहिल्यांदा मी त्या कुटुंबाकडे बघत होतो, दुसऱ्यांदा फर्नांडिसांकडे. तिसऱ्यांदा माझं लक्ष दोघांमधल्या अंतराकडे गेलं आणि तेव्हा गलबलून आलं.

'कोर्ट'मध्ये नजरेला वेगळं काम असतं. कॅमेरा बहुतेक वेळा लांब ठेवलेला आणि स्थिर. कुणाकडे बघायचं ते तुम्हाला कुणी सांगत नाही. न्यायाधीश बोलत असतात, पण त्यांच्यासमोरचा टंकलेखक, मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट बघत बसलेली माणसं, दाराशी उभा पोलीस, सगळे एकाच वेळी चौकटीत असतात. ज्यांनी कधी न्यायालयात दिवस काढलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल. बोलणाऱ्याकडे बघून झालं की न बोलणाऱ्याकडे बघा. एकाच लांब दृश्यात असे दोन-तीन फेरे मारता येतात, तेवढा वेळ दिग्दर्शकाने दिलेला असतो.

त्यातच गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. ती हे सांगते ते एखाद्या रोजच्या कामाबद्दल सांगावं तसं. रडत नाही, आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत मदतीला येत नाही. आपल्याला सवय अशी की रडायचं कुठे ते संगीत सांगतं. इथे तसं कुणी सांगणार नाही. तिच्या आवाजाचा सपाटपणा ऐका आणि तो आपल्याला का सोसवत नाही, याकडे लक्ष द्या.

याच सिनेमात सरकारी वकील नूतनची घरी जाण्याची वाट आहे. लोकलमध्ये ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा, मग मुलाला घेऊन घरी, मग स्वयंपाक. कुणी विचारेल, याचा खटल्याशी काय संबंध? न्यायालयात ती कलमांमागून कलमं एका सुरात वाचून दाखवते तेव्हा आपल्याला तिचा राग आलेला असतो. गीतांजली कुलकर्णींनी केलेली ही बाई घरी पोचते तेव्हा ती आपल्या शेजारची, आपल्या ऑफिसातली, आपल्याच नात्यातली कुणी वाटायला लागते. राग जात नाही, पण आता तो एकटा नसतो. दोन्ही एकाच वेळी मनात धरून बसायचं. अशा 'काहीच न घडणाऱ्या' प्रसंगांवर पाणी प्यायला उठू नका. सिनेमाचं खरं काम तिथेच चाललेलं असतं.

कान

'लंचबॉक्स'मधल्या देशपांडे आंटी आठवतात? वरच्या मजल्यावरून इलाशी बोलतात, टोपलीतून मसाला खाली सोडतात, आणि अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत. भारती आचरेकरांचा नुसता आवाज आहे. तरी त्यांचं घर, आजारी नवरा, फिरणारा पंखा, सगळं आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं. चौकटीबाहेरचा आवाज हे अशा सिनेमातलं अर्धं सामान असतं आणि फोनवर, घरच्या टीव्हीवर ते निम्म्याहून अधिक गळून जातं.

अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त तो अकरा वर्षांचा मुलगा, चिन्मय, मित्रांबरोबर सायकलवर किल्ल्यावर जातो. पाऊस येतो, मित्र निघून जातात आणि तो एकटा मागे राहतो. थिएटरात तो पाऊस तुमच्या डाव्या खांद्यामागून सुरू होतो. हाका मारणारा मुलगा समोर लहान दिसतो आणि पाणी चहूबाजूंनी वाजत असतं. तो पुढे मित्रांशी अबोला का धरतो, हे मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा जागी डोळे क्षणभर मिटून बघा. मी मुद्दाम करतो. काही हुकत नाही, उलट किल्ला केवढा मोठा आहे ते कळतं.

कंटाळा आला तर

येतोच. माझ्या अनुभवात तो दोनदा येतो, एकदा पहिल्या अर्ध्या तासात आणि एकदा मध्यंतरानंतर. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि सिनेमा वाईट आहे असाही त्याचा अर्थ नाही. कंटाळा आला की पाठ सरळ करा, पाय टेकवा आणि पडद्याच्या कोपऱ्यात बघा. भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, अर्धवट मिटलेलं दार. कुणीतरी विचार करून ते तिथे ठेवलंय. जपानी दिग्दर्शक ओझू दोन प्रसंगांच्या मध्ये रिकामा व्हरांडा, वाळत घातलेले कपडे असं काहीतरी दाखवून थांबायचे. तेवढ्यात आधीच्या प्रसंगातलं दुःख खाली बसायचं. आपल्यालाही त्या वेळाची गरज असते.

हे सगळं करूनही तासाभरात काहीच धरून ठेवत नसेल तर तो सिनेमा तुमचा नसेल. शांत आहे म्हणून प्रत्येक सिनेमा चांगला नसतो. काही दिग्दर्शक नुसतं लांबवतात. कसोटी साधी आहे: दृश्य लांबत गेलं तसं माणसाबद्दल नवीन काही कळलं का? तीन-चारदा उत्तर नाही असं आलं तर खुशाल नावडता म्हणा.

मध्यंतर

आपल्याकडे मध्यंतर होतंच, सिनेमा त्यासाठी बनलेला असो वा नसो. दृश्याच्या मध्येच दिवे लागतात. त्या दहा मिनिटांत फोन सुरू करू नका, 'कसा वाटतोय?' असं विचारू नका. उठून हातपाय मोकळे करा, पाणी प्या, पुन्हा बसा. शेवटचं दृश्य कुठे सोडलं होतं ते मनात धरून ठेवा.

सोबत कोण

एकटं जाणं उत्तम. पण मला आईला न्यायला आवडतं. तिने आयुष्यभर माणसंच निरखली आहेत, त्यामुळे तिला कुठे बघायचं ते शिकवावं लागत नाही. फक्त आधी सांगायचं, 'आई, यात फार काही घडणार नाही, माणसं आहेत.' ती म्हणते, 'मग बरं.' सोबतच्या माणसाशी एवढंच ठरवून ठेवा की आत काहीही समजावून सांगायचं नाही. एखादी ओळ ऐकू आली नाही तर राहू दे, बाहेर आल्यावर विचारायची. शेजारी कुणी मोठ्याने बोलत असेल तर एकदाच, हळू आवाजात, 'काका, जरा...' एवढं पुरतं. बहुतेकदा ऐकतात. नाही ऐकलं तर जागा बदला, वाद घालू नका. भांडणानंतर पुढचा अर्धा तास तुमच्या डोक्यात सिनेमा नसतो, भांडण असतं.

बाहेर पडताना

नावं सरकत असताना बसून राहा. दिवे लागले तरी बसा, साफसफाईवाल्या मावशी झाडू घेऊन आल्या की उठा. रिक्षात बसताच 'आवडला का?' असा प्रश्न टाकू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देऊन टाकावं लागतं आणि विषय मिटतो. थोडं चाला, चहा घ्या. बोलायचंच तर विचारा, 'कुठला चेहरा लक्षात राहिला?' झोपण्याआधी वहीत एक दृश्य लिहून ठेवा, मत लिहू नका. कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, खिडकी उघडी होती का. पंधरा दिवसांनी ती नोंद वाचा. बरंच काही तोवर बदललेलं असतं.

'कोर्ट' आईला मी नंतर दाखवला. बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मटार सोलताना मध्येच हात थांबवून तिने विचारलं, 'ती वकीलबाई एवढं सगळं घरचं उरकून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचत असेल ना रे?' आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.